पी.पी. नंबर

मागच्या महिन्यात घरी नवा राउटर बसला. तालुक्याहून आलेल्या मुलाने शिडी लावली, वाशावरून वायर ओढली, माजघरात टीव्हीच्या शेजारी पांढरा डबा ठोकला आणि मोबाइलवर बोटं चालवता चालवता विचारलं, "ताई, वायफायला नाव काय देऊ? आणि पासवर्ड?" मी आईच्या आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत भरत होते. सुचलं ते नाव सांगितलं, पासवर्ड सांगितला. त्याने माझा फोन जोडला, लॅपटॉप जोडला, आईचा टीव्ही जोडला. "अजून काही जोडायचंय?" मी "नाही" म्हटलं. त्याला चहा दिला, तो गेला. जुना राउटर पडवीच्या खिडकीत वायर लोंबत तसाच राहिला होता, तो मी पुसून फडताळात ठेवला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दापोलीहून येत होते. संध्याकाळची एसटी आमच्या सड्यावरच्या थांब्याला सोडते, तिथून पाखाडी उतरून वाडीत यायचं. उतरले तर थांब्यामागच्या आंब्याखाली, पारावर, शेजारच्या वहिनी बसलेल्या. मांडीवर वही, वहीवर उभा केलेला फोन, कानात वायरीचं टोक. वैशाखातलं ऊन कलतं झालं तरी कातळ तापलेला होता, त्याची धग पायाला लागत होती, आणि त्यांनी पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला होता. मला बघून त्यांनी वही मिटली. "रेंज बघायला आले होते जरा," म्हणाल्या. मग आम्ही दोघी बरोबरच पाखाडी उतरलो. आंब्याच्या पेटीला यंदा काय भाव निघाला, आईचे गुडघे कसे आहेत, पाण्याची मोटर पुन्हा कशी बिघडली, असं सगळं बोलणं झालं. वायफायचं त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. गडग्यापाशी त्या डावीकडे वळल्या, मी उजवीकडे.

रात्री जेवताना घास गिळेना.

आमची दोन घरं म्हणजे एकाच पाखाडीच्या दोन बाजू. मधे कमरेएवढा गडगा, चुना-सिमेंट काही नाही, नुसते जांभ्याचे दगड एकावर एक रचलेले. पावसाळ्यात त्याच्यावर हिरवीगार शेवाळ धरते, उन्हाळ्यात ती काळी होऊन सुटते. एका ठिकाणी तीन दगड कायमचे पडलेले आहेत. ते कुणी पुन्हा रचले नाहीत, कारण तिथूनच येणं-जाणं असतं. दोन्ही घरांची विहीर एकच. सातबाऱ्यावर ती सामाईक म्हणून लागलेली आहे, कुणाचा किती हिस्सा, कुणाच्या पाळीला किती दिवस, सगळं लिहिलेलं. रहाट गेला, पंप आले, पण पाळी राहिली. विहिरीवरून दोन्ही घरांत भांडणंही झाली आहेत. माझ्या आजोबांनी त्या घराशी दोन वर्षं अबोला धरला होता, तरी पाण्याला दोन्ही घरची माणसं रोज समोरासमोर उभी राहायचीच. राग असला तरी घागर ठेवायला जागा द्यावी लागायची.

मी २०२० च्या शिमग्याला चार दिवसांसाठी गावी आले होते. पालखी नाचवून झाली, परतीचं तिकीट काढलेलं होतं, आणि त्याच महिन्याच्या शेवटी सगळं बंद झालं. मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. त्या दिवसाबद्दल आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या आगरातल्या पोफळी काडीसारख्या मोडून एकमेकींवर पडल्या होत्या, आणि वाऱ्याचा आवाज थांबल्यावर कितीतरी वेळ कुणीच काही बोलत नव्हतं. वीज कितीतरी आठवडे नव्हती. वहिनींच्या घराची अर्धी कौलं उडाली, त्या मुलीला घेऊन आमच्या माजघरात झोपायच्या. त्यांचे यजमान मुंबईला अडकलेले. रात्री कंदिलाच्या उजेडात आई आणि त्या जुन्या गोष्टी सांगत बसायच्या, मुलगी माझ्या मांडीवर झोपायची. आज मागे वळून पाहिलं की वाटतं, दोन घरांमधलं अंतर तेव्हा जेवढं कमी होतं तेवढं नंतर कधीच राहिलं नाही. मी मात्र परत पुण्याला गेले नाही. आई एकटी होती, काम लॅपटॉपवर होणारं होतं.

फक्त नेट नव्हतं. २०१६ नंतर गावात हातोहाती स्मार्टफोन आले, पण आमची वाडी डोंगराच्या कुशीत खाली आणि टॉवर वर सड्यावर. घरात फोन म्हणजे घड्याळ. मुलांची शाळा फोनवर सुरू झाली तेव्हा वाडीतली पोरं दप्तरं घेऊन सड्यावर जाऊन बसायची. मीही जायचे. एका दगडावर मी मीटिंगला, बाजूच्या दगडावर वहिनींची मुलगी पाढ्यांचा व्हिडिओ उतरवून घेत. पाऊस आला की दोघी एका छत्रीत, आणि छत्री माणसांवर धरायची की लॅपटॉपवर, हा प्रश्न.

२०२१ च्या दिवाळीनंतर विजेच्या खांबांवरून फायबर वाडीत उतरली. केसाएवढी काच आणि तिच्यातून धावणारा उजेड, असं केबलवाल्या दादांनी आईला समजावून सांगितलं तेव्हा आईने त्या वायरला हात लावून पाहिला. कनेक्शन पहिलं आम्ही घेतलं. महिन्याचे पैसे द्यायची ऐपत आणि गरज दोन्ही आमच्याकडे होतं. पुढे जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या आणि एका संध्याकाळी वहिनी पावट्याच्या शेंगा घेऊन आल्या. ओटीवर अर्धा-पाऊण तास बसल्या. शेंगा निवडायला आईला मदत केली. उठून पायात चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, पोरीच्या अभ्यासापुरतं ते तुमचं नेट मिळेल का? मी महिन्याला काय असेल ते देईन." पैशांचं नाव काढू नका म्हणून मी त्यांच्यावर रागावले, लगेच फोन घेऊन पासवर्ड टाकून दिला. पण तो अर्धा-पाऊण तास मला आठवतो. एवढंसं मागायला बाईने किती शेंगा निवडल्या.

पासवर्ड दिला तरी नेट पोचत नव्हतं. राउटर माजघरात होता. आमच्या घराच्या भिंती दीड फूट जाडीच्या, चिऱ्याच्या. वायफायच्या लहरी दोन प्रकारच्या असतात हे मला तेव्हा कळलं. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण अर्ध्या वितीएवढी लांब, आणि ५ गिगाहर्ट्झची तिच्याहून निम्मी, चार बोटांत मावणारी. आखूड लहर वेगाने जास्त माल वाहते, पण भिंत आली की दमते. लांब लहर जरा सावकाश, पण भिंतीतून वाट काढते. तरी जांभ्याच्या दोन भिंती तिलाही जड जातात, आणि पावसाळ्यात चिरा पाणी पिऊन बसला की आणखीच. पाणी या लहरी गिळतं. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह जवळपास त्याच लहरींवर पदार्थांतलं पाणी तापवतो. मग मी लांब वायर मागवली आणि राउटर माजघरातून काढून पडवीच्या खिडकीत, बरोबर वहिनींच्या घराकडे तोंड करून ठेवला. मधे फक्त खिडकीचे गज, अंगण, गडगा आणि त्यांची ओटी. मुलगी ओटीच्या कोपऱ्यात बसली की फोनवर तीनपैकी दोन रेघा यायच्या. ती तिथून ओरडायची, "आत्या, आलं!" आणि मी खिडकीतला डबा बोटभर उजवीकडे सरकवायची.

"आता?"

"आता दोन!"

आमच्या लहानपणी फोन त्यांच्याकडे होता. १९९३ साली वाडीतला पहिला फोन त्यांच्या माजघरात बसला, काळा, जाडजूड, विणलेल्या रुमालाखाली झाकलेला. आमच्याकडचा पुण्या-मुंबईशी सगळा व्यवहार त्या फोनवर. आत्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर आमच्या पत्त्याखाली त्यांचा नंबर छापला होता आणि कंसात 'पी.पी.' अशी दोन अक्षरं. त्या अक्षरांचा पूर्ण अर्थ गावात कुणी विचारत नसे. त्याचा व्यवहारातला अर्थ सगळ्यांना माहीत होता: फोन शेजाऱ्यांचा आहे, ते बोलावून देतील. आणि ते बोलावून द्यायचे. त्या घरची आजी दारात येऊन, तोंडाभोवती हात धरून हाक मारायची, "फोन आलाय गोऽऽ, मुंबयचा!" रात्रीची वेळ असली तर कंदील घेऊन गडग्याच्या त्या पडक्या जागेपाशी येऊन उभी राहायची, आम्ही ठेचकाळू नये म्हणून. मुंबईचा माणूस तिकडे पैसे मोजत असायचा, म्हणून आई धावायची. मी तिच्यामागे. रिसीव्हर बाजूला ठेवलेला, त्यातून बारीक "हॅलो, हॅलो", आणि माजघरातली सगळी माणसं आपापल्या कामात असल्यासारखी मान खाली घालून बसलेली.

ऐकू तर सगळ्यांना यायचं. आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट त्या घराला आमच्याआधी किंवा आमच्याबरोबर कळली. आत्याचं ठरलं ते, काकाची गिरणी बंद पडली ते, पैसे पाठवता येणार नाहीत ते. माझे आजोबा मुंबईच्या इस्पितळात गेले ती बातमी त्या आजीने फोनवर ऐकली. दोन वर्षं तिच्या घराशी न बोललेल्या माणसाची बातमी. त्या दिवशी तिने दारातून हाक मारली नाही. ती स्वतः गडगा ओलांडून आली, आईच्या शेजारी चुलीपाशी बसली, भाकरी तव्यावरून उतरवली, आणि मग म्हणाली, "चल, फोन आलाय." आईला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. आणि एवढं सगळं कानावर पडूनही आमच्या घरातला एक शब्द त्या घरातून वाडीत गेला नाही. आई हे अजूनही सांगते. ती म्हणते, फोन कुणीही देईल, पण ऐकलेलं पोटात ठेवणारं घर मिळायला नशीब लागतं.

हे मला वायफायच्या संदर्भात का आठवलं, तर देणाऱ्याला घेणाऱ्याचं काहीतरी कळतंच. राउटरचं एक ॲप असतं. त्यात जोडलेल्या फोनांची यादी दिसते, कोणता कधीपासून जोडलेला आहे, किती वापरतो आहे. कोण काय बघतं ते त्यात दिसत नाही, पण कोण जागं आहे ते कळतं. मी पहिल्यांदा ती यादी उघडली ती एका मीटिंगमध्ये आवाज तुटत होता म्हणून. मग पुन्हा उघडली. मग सवय लागली. रात्री दीड-दोनला झोप आली नाही की मी पडल्या पडल्या यादी बघायची, आणि तिथे वहिनींचा फोन जागा असायचा. एक रात्र नव्हे, महिनोन्महिने. मला काळजी वाटायला लागली. मुंबईला नवऱ्याचं काही बिनसलं असेल का, कर्ज असेल का, की त्यांची तब्येत. दिवसा गडग्यावर भेटल्या की मी त्यांच्या डोळ्यांखाली बघायची. विचारता मात्र येईना. "तुम्ही रात्री जाग्या असता" हे म्हणायचं तर मला कसं कळलं तेही सांगावं लागणार. आजीला जे कळायचं ते सगळ्यांसमोर, दिव्याच्या उजेडात कळायचं. आईला माहीत असायचं की तिने ऐकलंय. मला जे कळत होतं ते मला कळतंय हे वहिनींना ठाऊकच नव्हतं.

गेल्या वर्षी त्या पेढे घेऊन आल्या. "एस.वाय. झालं," म्हणाल्या. मला आधी समजेना कुणाचं. लग्नात त्यांचं कॉलेज सुटलं होतं. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरून त्यांनी बी.ए. पुन्हा धरलं होतं. दिवसा आगर, जनावर, सासऱ्यांचं दुखणं, मुलीची शाळा. सगळे झोपल्यावर त्या ओटीच्या त्या कोपऱ्यात, जिथे दोन रेघा येतात तिथे, चादर लपेटून तासिका ऐकत बसायच्या. "मच्छर फार, पण तेवढीच वेळ असते," म्हणाल्या, आणि हसल्या. मी त्या रात्रींना काय काय नावं दिली होती! यादीत माणसाची जाग दिसत होती, तिचं कारण दिसत नव्हतं. पेढा तोंडात विरघळत होता आणि मला त्यांच्या नजरेला नजर देता येत नव्हती. मी त्यांना यादीबद्दल सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

आता त्या 'नाही'कडे येते.

मी विसरले होते, असं म्हणणं सोपं आहे, आणि अर्धं खरंही आहे. गोळ्यांची मोजदाद चालली होती, डोक्यात दुसरंच होतं. पण उरलेलं अर्धं मी गेले काही दिवस स्वतःला विचारते आहे. संध्याकाळी मुलीचे खेळाचे व्हिडिओ सुरू झाले की माझ्या मीटिंगा अडकायच्या, आणि तेव्हा माझ्या मनात जे यायचं ते चांगलं नसायचं. भाऊ फोनवर नेहमी बजावायचा, कनेक्शन तुझ्या नावावर आहे, उद्या त्यावरून कुणी काही केलं तर पोलीस तुझ्या दारात येतील. कनेक्शन घेताना सही केली त्या कागदावरही हे घराबाहेर कुणाला देऊ नये असं बारीक अक्षरात होतंच. भावाचं म्हणणं मी उडवून लावू शकत नव्हते, कारण २००८ साली मी वाशीला राहत होते. २६ जुलैला अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता, आणि त्याचा माग काढत पोलीस पोचले ते सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या माणसाचा त्या ईमेलशी संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं आणि कुणीतरी ते वापरलं होतं. त्या आठवड्यात आमच्या इमारतीतली उघडी नेटवर्कं एकेक करून कुलूपबंद झाली. तोवर कुणाच्याही घरातून कुणाचंही नेट मिळायचं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. मीही त्याच आठवड्यात पासवर्ड घातला, आणि पलीकडच्या फ्लॅटमधल्या दोन विद्यार्थिनींचं नेट गेलं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

भावाला जे भीतीचं वाटतं ते खरं तर मला फार सुंदर वाटत आलं आहे. एका राउटरवरून दोन घरं चालतात तेव्हा बाहेरच्या जगाला दोघांचा पत्ता एकच दिसतो. वहिनींनी नाशिकच्या विद्यापीठाची तासिका उघडली आणि मी पुण्याच्या ऑफिसची फाइल उघडली, तरी पलीकडे कळतं ते एवढंच, की अमुक एका घरातून दोन मागण्या आल्या. आत कोणतं उत्तर कुणाच्या हातात द्यायचं ते राउटर लक्षात ठेवतो. जगाच्या लेखी आमच्या मधला गडगाच नाही. कंदिलाच्या उजेडात आम्ही जसे एका छपराखाली झोपत होतो, तसे आम्ही तीन वर्षं तिथे एका पत्त्यावर राहत होतो.

आणि ते घर मी एका शब्दात मोडलं, गोळ्या मोजता मोजता.

आमच्याकडे दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत, मीठ देत नाहीत. आजही आई देत नाही. पण नाही म्हणतानासुद्धा ती दारात जाते, "बाई, तिन्हीसांज झाली, सकाळी ने" असं म्हणते, आणि समोरची समजून जाते. म्हणजे नकारालाही दार उघडावं लागतं. विहिरीवरच्या भांडणात दोन माणसं समोर असायची. माझ्या नकारात कुणी समोरच नव्हतं. तिकडे ओटीच्या कोपऱ्यात एका रात्री फोनवरच्या दोन रेघा गेल्या, एवढंच. वहिनींनी आधी काय केलं असेल? फोन बंद करून चालू केला असेल. ओटीच्या या टोकापासून त्या टोकाला गेल्या असतील. मग अंगणात. मग खिडकीकडे पाहिलं असेल, आणि खिडकीत डबा नाही हे दिसलं असेल. ते दिसल्यावर एखादी बाई काय समजेल? ज्या बाईने पहिल्यांदा मागताना अर्धा-पाऊण तास शेंगा निवडल्या होत्या, ती दुसऱ्यांदा मागायला येणार नव्हती. ती वही घेऊन सड्यावर गेली.

पाखाडी उतरतानाचं ते सगळं बोलणं मी रात्रभर उलटं-सुलटं केलं. त्यांच्या आवाजात कुठे राग होता का ते शोधलं. नव्हता. माझ्या आईच्या गुडघ्यांना त्यांनी निर्गुडीचा पाला सुचवला होता. सकाळी उठून बघते तर पाल्याची पेंडी आमच्या ओटीवर ठेवलेली होती.

त्या सकाळी मी ऑफिसला कळवलं की आज उशीर होईल. आधी वाटलं, सरळ जावं आणि नवा पासवर्ड द्यावा. पण माजघरातल्या डब्याचं नेट तिकडे पोचणार नव्हतंच, आणि न पोचणारी वस्तू हातात ठेवण्यात काय अर्थ. मग फडताळातला जुना राउटर काढला. नवा बसवणाऱ्या मुलाने त्याला हात लावला नव्हता, मागचं रीसेटचं बारीक भोक कुणी दाबलं नव्हतं. म्हणजे जुनं नाव, जुना पासवर्ड त्याच्या पोटात तसेच होते. नव्या डब्यातून एक वायर काढून जुन्यात घातली, एक सेटिंग बदलावं लागलं. ते शोधण्यात दुपार गेली. जेवायला आईने तीनदा हाक मारली. वायर वाशावरून, मग चौकटीवरून, मग पडवीच्या खिडकीत आणली. तिथल्या धुळीत जुन्या डब्याच्या चार पायांचे ठसे अजून होते, मी डबा बरोबर त्यांच्यावर ठेवला. एक दिवा लागला, मग दुसरा. फोनला ओळखीचं नाव आणि ओळखीचा पासवर्ड मिळाला की तो विचारायला थांबत नाही, आपोआप जोडला जातो. माझा जुडला. त्यांचाही जुडणार होता. मनात आलं, बरं झालं, कुणालाच काही बोलायला नको. त्यांना वाटेल मधे बिघाड होता. ॲप उघडून यादी बघावी म्हणून अंगठा गेलाही.

मी फोन खिडकीत ठेवला आणि अंगणात गेले.

वहिनी त्यांच्या खळ्यात कोकमाची सालं उलटत होत्या. आंबट, ओलसर वास गडग्याच्या अलीकडेपर्यंत येत होता, हात मनगटापर्यंत लाल. मी त्या तीन पडलेल्या दगडांपाशी उभी राहिले. कसं म्हणावं ते सुचेना. मग तोंडाभोवती हात न धरताच, पण आजीच्याच चालीवर, माझ्या तोंडून निघालं, "वहिनीऽऽ, नेट आलंय!"

त्यांनी वर पाहिलं. "मघाशीच लागलेलं," म्हणाल्या. "मी फोन बंद करून ठेवला. म्हटलं, चुकून लागलं असेल."

मी गडगा ओलांडून खळ्यात गेले. सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि सालं उलटायला घेतली. नवा राउटर बसला त्या दिवसाचं सांगितलं. गोळ्यांचं सांगितलं, मीटिंगांचंही सांगितलं. त्या ऐकत होत्या, हात चालू होते. मधे एकदा "असू दे हो" म्हणाल्या, पण ते पटकन म्हणाल्या नाहीत. बोटांना कोकमाचा रंग चढत गेला. यादीचं ओठांवर आलं होतं, तेवढ्यात मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकून आमच्यात बसली, आणि ते राहिलं.

"परीक्षा कधी सुरू होतेय?" मी विचारलं.

"सुरू झाली की. चार पेपर झाले."

"राहिले किती?"

"दोन," वहिनी म्हणाल्या, आणि लाल हात पदराला न लागेल असे धरून फोन चालू करायला आत गेल्या.